चंद्रसूर्य असेपर्यंत

(कशेडी येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)

मंडळी, आणि मागे बसलेल्या मायबहिणींनो, जरा पुढे सरकून बसा. आज मोठी गोष्ट सांगायची आहे. ती आभाळाएवढी आहे, पण समजायला अवघड नाही.

आपल्या बोलण्यात एक शब्द नेहमी येतो. म्हातारी माणसे आशीर्वाद देताना म्हणतात, "चंद्रसूर्य असेपर्यंत तुझं नाव राहो." बांधावरून भांडण झाले की एखादा तावातावाने म्हणतो, "चंद्रसूर्य आहेत तोवर तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही." याचा अर्थ काय? याचा अर्थ कायमचे. कधी न संपणारे.

हा शब्द फार जुना आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या जवळ, आक्षी नावाचे गाव आहे. तेथे एक जुना शिलालेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो मोजला जातो. अभ्यासक त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा लावतात. त्या दगडाच्या वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. त्या काळी देवाला किंवा माणसाला काही दान दिले, की ते दगडावर लिहीत आणि वर चंद्रसूर्य काढीत. म्हणजे हे दोघे आकाशात आहेत तोवर हे दान चालेल, अशी त्यांची साक्ष ठेवीत.

आता बघा. ज्या शिलाहार राजाच्या वेळचा तो दगड, तो राजा गेला. त्याचे राज्य गेले. त्याचे दानही संपले. साक्षीदार मात्र अजून जागेवर आहेत. आणखी एक गोष्ट राहिली. कोणती, ते शेवटी सांगेन.

पण हे साक्षीदार तरी किती दिवस राहणार? सूर्य विझेल काय? पृथ्वी बुडेल काय? माणसाचे पुढे काय होणार? हा प्रश्न आपल्या वर्गातच निघाला. "गुरुजी, मोबाइलवर आलंय, जग बुडणार आहे. खरं का?" असे मला विचारले गेले. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. मी शास्त्रज्ञ नाही. पण शास्त्रज्ञांनी जे मोजले, ते वाचून तुम्हाला सांगू शकतो.

भीती जुनीच आहे

जग बुडणार, ही आवई काही आजची नाही.

फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रही आली होती. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ जण मकर राशीत एकत्र येणार आणि प्रलय होणार, असे लोक म्हणू लागले. देशभर होमहवने झाली. कितीएक माणसे जीव मुठीत धरून बसली. ५ फेब्रुवारी उलटली. ६ तारखेला सूर्य रोजच्यासारखा उगवला. तूप मात्र जळून गेले.

मग जुलै १९७९. अमेरिकेने स्कायलॅब नावाची मोठी प्रयोगशाळा आकाशात सोडली होती. ती खाली कोसळणार होती. तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो. गावोगाव एकच बोलणे, ती आपल्याच डोक्यावर पडणार! कोणी म्हणे, पेरणी कशाला करायची? कोणी म्हणे, मरायचेच आहे तर कोंबड्या तरी खाऊन घेऊ. ११ जुलैला स्कायलॅब पडली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडले. एकाही माणसाला इजा झाली नाही.

पुढे २१ डिसेंबर २०१२ ही तारीख आली. त्या दिवशी जग संपणार, असे साऱ्या दुनियेत पसरले होते. तेव्हाही काही झाले नाही.

तिन्ही वेळा जग बुडाले नाही. पण नुकसान झाले. कोणाचे झाले? जो घाबरला त्याचे. ज्याने पेरणी थांबवली त्याचे. ज्याने शांतीसाठी कर्ज काढले त्याचे.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. जयंत नारळीकर नावाचे मोठे खगोलशास्त्रज्ञ होऊन गेले. खगोलशास्त्रज्ञ म्हणजे ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणारा. त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरला झाला आणि २० मे २०२५ रोजी ते पुण्यात वारले. परदेशात नाव मिळवून ते मायदेशी परत आले. पुण्याला आकाशाच्या अभ्यासासाठी आयुका नावाची मोठी संस्था त्यांनी उभी केली. आणि तुमच्याआमच्यासाठी मराठीत गोष्टी लिहिल्या. त्यांनी एकदा ज्योतिषाची परीक्षा घेतली. २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्मी मुले हुशार होती, निम्मी मतिमंद होती. कोणती पत्रिका कोणत्या मुलाची, हे ज्योतिषांनी ओळखायचे होते. शंभरात सरासरी ४६ उत्तरे बरोबर आली. नुसता रुपया उडवून छापकाटा केला, तरी शंभरात ५० बरोबर येतात. म्हणजे आपले बरेवाईट ग्रहांच्या हाती नाही. मग ते कोणाच्या हाती आहे? ते आपण पाहू.

सूर्याची शिदोरी

आधी सूर्य. सूर्य हा तापलेल्या वायूचा प्रचंड गोळा आहे. त्याच्या पोटात आपल्यासारख्या १३ लाख पृथ्व्या मावतील. तो जळतो कशावर? चुलीतल्या लाकडासारखा तो जळत नाही. सूर्य नुसत्या दगडी कोळशाचा असता, तर काही हजार वर्षांतच त्याची राख झाली असती.

सूर्यात हायड्रोजन नावाचा वायू आहे. पाण्यातही हा हायड्रोजन असतो. सूर्याच्या पोटात अतिशय दाब आणि अतिशय उष्णता आहे. तेथे हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळून जातात आणि त्यांचा हेलियम नावाचा दुसरा वायू होतो. असे होताना थोडे वजन कमी होते. ते वजन प्रकाश आणि उष्णता होऊन बाहेर पडते. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि सुमारे ४० लाख टन वजनाचा प्रकाश होतो. आपण "एक" म्हणेपर्यंत एवढे सरपण खर्च होते.

"मग संपेल की हो लवकर!" असे तुम्हाला वाटेल. पण सूर्याची शिदोरी दांडगी आहे. गेली सुमारे ४६० कोटी वर्षे तो असाच तळपतो आहे. अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल इतके सरपण त्याच्याजवळ आहे. माणसाच्या भाषेत सांगायचे, तर सूर्य आज चाळिशीतला कर्ता पुरुष आहे.

पुढे काय होईल? पोटातला हायड्रोजन संपत आला की सूर्य फुगू लागेल आणि तांबडा होईल. असा फुगलेला तांबडा तारा बघायचा आहे काय? मार्गशीर्षात अंधार पडल्यावर पूर्वेकडे पाहा. तांबूस रंगाचा ठसठशीत तारा दिसेल. ती रोहिणी. जिच्या नावाच्या नक्षत्रात आपण भाताची धूळपेरणी करतो, तीच ही रोहिणी. तिचे असे म्हातारपण आले आहे. आपल्या सूर्याच्या चाळीसपटींहून अधिक तिचा व्यास आहे. सूर्यही एके दिवशी असा फुगेल. जवळचे बुध आणि शुक्र गिळून टाकील. पृथ्वी तेव्हा त्यातून सुटली, तरी होरपळून जाईल. मग सूर्याचे वरचे वायू उडून जातील. मागे पांढरा, बुटका, निवत जाणारा गोळा उरेल.

पण पृथ्वीवरच्या जिवांना इतका वेळ मिळणार नाही. कारण सूर्य हळूहळू जास्त तापतो आहे. दर १०० कोटी वर्षांत त्याचे तेज सुमारे दहा टक्के वाढते. सुमारे १०० कोटी वर्षांनी तो इतका प्रखर होईल, की चुलीवर ठेवलेल्या टोपातल्या पाण्यासारखे समुद्र आटू लागतील. मग येथे राहता येणार नाही.

आणि चंद्र? चंद्र दरवर्षी सुमारे पावणेचार सेंटिमीटर लांब जातो आहे. आपले नख वर्षाला वाढते, जवळजवळ तितकेच. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा तेथे आरसे ठेवले. त्यांवर येथून प्रकाशाचा झोत टाकून हे अंतर मोजतात. दासगावच्या खाडीत भरती येते, ती मुख्यतः या चंद्राच्या ओढीने. समुद्राची ही वरखाली चालते, त्यातूनच चंद्र हळूहळू लांब सरकतो. सुमारे ६० कोटी वर्षांनी तो इतका लांब गेलेला असेल, की सूर्य पुरता झाकणारे खग्रास ग्रहण तेथून पुढे लागणार नाही. पण चंद्र आपल्याला सोडून कोठे पळून जाणार नाही.

म्हणजे ज्यांनी दगडावर चंद्रसूर्य कोरले, त्यांनी साक्षीदार चांगले निवडले. पण ते अमर नाहीत. त्यांनाही अंत आहे. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका. आधी हिशेब करू.

तांदळाचा हिशेब

१०० कोटी वर्षे, असे म्हटले तर डोक्यात काही शिरत नाही. म्हणून तांदूळ मोजू. आपण भातखाऊ माणसे. तांदळाचा हिशेब आपल्याला कळतो.

एक वर्ष म्हणजे तांदळाचा एक दाणा, असे समजा. एका ग्रॅममध्ये सुमारे ५० दाणे बसतात. एका किलोत ५० हजार दाणे. ५० किलोच्या पोत्यात २५ लाख दाणे.

माणूस ८० वर्षे जगला, तर त्याचे ८० दाणे झाले. म्हणजे एक चिमूट.

आक्षीच्या शिलालेखाला हजार वर्षे झाली. त्याचे २० ग्रॅम झाले. मूठही भरत नाही.

माणूस लिहायला शिकला, त्याला सुमारे पाच हजार वर्षे झाली. त्याचे १०० ग्रॅम. दोन-अडीच मुठी.

आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर आला, त्याला सुमारे तीन लाख वर्षे झाली. त्याचे सहा किलो. एका घराला चार दिवस पुरतील इतके.

आणि पुढची १०० कोटी वर्षे? त्याची ४०० पोती होतात! दोन लॉऱ्या भरून तांदूळ. सूर्याच्या उरलेल्या आयुष्याचे मोजाल, तर दहा लॉऱ्या.

आता सांगा, माणूस म्हातारा झाला आहे की नुकता रांगायला लागला आहे? आजवर त्याने सहा किलो खाल्ले. कणगीत अजून ४०० पोती आहेत. "कलियुग संपत आले, आता काय राहिले," असे जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब करून बघावा. आभाळाने आपल्याला भरपूर वेळ दिला आहे.

पण मंडळी, कणगी भरली म्हणजे पोट भरले असे होते काय? ज्याच्या घरी भात पिकतो त्याला हे विचारा. उंदीर आहेत, घुशी आहेत, ओल आहे, कीड आहे. कणगी राखली नाही, तर ४०० पोती असूनही उपाशी मरायची वेळ येते. आपल्या कणगीला कोणते उंदीर लागू शकतात?

आकाशातले धोंडे

पहिला उंदीर आकाशातला.

आपल्या कशेडीच्या डोंगरातून बोगदा काढला आहे. सुमारे दोन किलोमीटर डोंगर पोखरून तो पार नेला. ज्या काळ्या कातळातून तो जातो, तो कातळ कसा झाला ठाऊक आहे काय? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमीन फाटली आणि आतून तापलेला रस बाहेर आला. तो एकदा नाही, पुन्हा पुन्हा आला. थरावर थर बसले. ते निवाले आणि त्यांचा हा सह्याद्री झाला. रायगडचा कडा तोच, प्रतापगडचा डोंगर तोच, आपल्या जोत्याचा दगडही तोच.

त्याच सुमारास पृथ्वीवर डायनोसॉर नावाचे प्रचंड प्राणी होते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे त्यांचे अवशेष सापडले आहेत. त्यांनी थोडीथोडकी नाही, सुमारे १६ कोटी वर्षे पृथ्वी गाजवली. आपल्या मापाने ६४ पोती. मग सुमारे १० किलोमीटर रुंदीचा एक धोंडा आकाशातून आला आणि मेक्सिको देशात आदळला. एवढी धूळ आणि धूर उडाला, की सूर्य झाकला गेला. झाडे मेली. झाडे खाणारे मेले. त्यांना खाणारेही मेले. जमिनीवरचे सगळे डायनोसॉर संपले. त्यांच्यातली पंखवाली शाखा तेवढी उरली. आज आपल्या अंगणात कोंबड्या फिरतात, त्या तिचाच वंश.

महाराष्ट्रातही असा धोंडा पडला आहे. बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. आकाशातून आलेल्या धोंड्याने पाडलेला तो खड्डा आहे. जवळजवळ दोन किलोमीटर रुंद आणि सुमारे दीडशे मीटर खोल. पृथ्वीवर असे खड्डे बरेच आहेत. पण आपल्यासारख्या काळ्या कातळात पडलेला आणि इतका चांगला टिकलेला खड्डा सहसा आढळत नाही. म्हणून देशोदेशीचे शास्त्रज्ञ तो बघायला येतात.

अलीकडचेही ऐका. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटरचा धोंडा आकाशातच फुटला. खिडक्यांच्या काचा फुटून हजाराहून जास्त माणसे जखमी झाली.

मग आपणही डायनोसॉरसारखे मरायचे काय? नाही. डायनोसॉरांजवळ दोन गोष्टी नव्हत्या. दुर्बीण नव्हती आणि वही नव्हती. आपल्याजवळ दोन्ही आहेत. आज जगात रात्रभर दुर्बिणी लावून पहारा चालतो. पृथ्वीच्या जवळपास येणारे ३५ हजारांहून अधिक धोंडे नोंदवून झाले आहेत. प्रत्येकाचा रस्ता गणिताने काढून ठेवला आहे. एक किलोमीटरहून मोठे जे आहेत, ते बहुतेक सगळे सापडले आहेत. त्यांतला एकही पुढच्या शंभर वर्षांत आपल्यावर आदळणार नाही.

पहारा करून भागत नाही, काठीही लागते. तीही करून पाहिली. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेने एक यान मुद्दाम एका धोंड्यावर नेऊन आपटले. धोंडा सुमारे १६० मीटरचा. पृथ्वीपासून १ कोटी किलोमीटरहून लांब. तो दुसऱ्या मोठ्या धोंड्याभोवती फिरत होता. एका फेरीला त्याला १२ तासांना थोडा कमी वेळ लागे. धडकेनंतर ती फेरी अर्ध्या तासाहून जास्त आखूड झाली. म्हणजे धोंड्याची चाल बदलता येते, हे सिद्ध झाले. पृथ्वीवर जीव जन्मल्यापासून एखाद्या जिवाने आकाशातला गोळा हलवला, असे हे पहिल्यांदा घडले.

आता एक तारीख लिहून ठेवा. १३ एप्रिल २०२९. त्या दिवशी अपोफिस नावाचा तीन-साडेतीनशे मीटरचा धोंडा पृथ्वीजवळून जाणार आहे. तो ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपल्या टीव्हीच्या छत्रीला चित्र पाठवणारे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर आहेत. त्यांच्याही आतून हा जाईल. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून १४ तारीख लागलेली असेल. तो आदळणार नाही. पुढच्या शंभर वर्षांतही आदळणार नाही. हे गणित पुन्हा पुन्हा करून तपासले आहे. पण त्या सुमाराला मोबाइलवर काय काय येईल, ते मी आजच सांगतो. "जग बुडणार", "घराबाहेर पडू नका", "अमुक शांती करा", "हा निरोप ११ जणांना पाठवा." तेव्हा १९६२ आठवा, १९७९ आठवा. १४ एप्रिल ही बाबासाहेबांची जयंती. आपल्या महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली त्यांनी माणसाचा हक्क मिळवण्यासाठी सत्याग्रह केला. शिका, असे त्यांनी आपल्याला सांगितले. त्या रात्री आपण घाबरून दारे लावून न घेता मुलाबाळांना घेऊन अंगणात बसू आणि आकाश बघू.

घरातले उंदीर

आकाशातल्या उंदरावर पहारा बसला. पण घरातले उंदीर?

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या दोन शहरांवर अणुबाँब पडले. आज जगात असे हजारो बाँब तयार आहेत. ते आकाशातून आपोआप आलेले नाहीत. माणसाने केले आहेत. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत इतका धूर सोडला आहे, की पृथ्वी तापत चालली आहे. काही जण म्हणतात, सूर्यच जास्त तापला. तसे नाही. सूर्याची ती वाढ कोटी-कोटी वर्षांची आहे. ही वाढ शंभर-दीडशे वर्षांतली आहे. ही आपल्या धुरामुळे झालेली आहे. पाऊस वेळीअवेळी येतो आणि आला की एकदम कोसळतो, त्याचे एक कारण हेही आहे.

आणि पाऊस कोसळला की काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. तुमच्यापैकी काहींचे सोयरेधायरे त्यात गेले. ते दुःख मी उगाळणार नाही. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

आकाशातल्या धोंड्यावर पहारा करतात, तो कसा करतात? रोज बघतात. बघितले ते लिहून ठेवतात. कालचे आणि आजचे ताडून पाहतात. धोका दिसला की वेळेवर सांगतात. डोंगराचा पहाराही असाच करायचा असतो. उतारावर नवी भेग पडली काय? झाडे किंवा विजेचे खांब कलले काय? झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले काय? घराचे दार एकाएकी अडकू लागले काय? ही डोंगर हलल्याची चिन्हे आहेत. ही दिसली आणि पाऊस धो धो चालू असला, तर वाट बघत बसू नका. वाडीतल्या सगळ्यांना हाका घाला, गुरे सोडा, आणि सुरक्षित जागी जा. घर पुन्हा बांधता येते. माणूस पुन्हा आणता येत नाही. चतुर्थी-अमावास्या बघत बसण्यापेक्षा पावसाळ्याआधी चार जणांनी मिळून उतार फिरून यावा आणि वहीत लिहून ठेवावे. आता तुम्हाला लिहिता येते.

कोट्यवधी मैलांवरचा धोंडा माणूस ओळखतो आणि डोक्यावरचा डोंगर ओळखत नाही, हे बरे नव्हे.

दुसरे घर

कोणी म्हणेल, "गुरुजी, पृथ्वी बिघडली तर माणूस दुसऱ्या ग्रहावर जाईल की! आपलं यान चंद्रावर गेलंच ना?" गेले खरे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ उतरले. तेथे तोवर कोणीच उतरले नव्हते. अभिमानाची गोष्ट आहे. आणि कोट्यवधी वर्षांचा विचार केला, तर माणसाला कधीतरी दुसरे घर शोधावे लागेल, हेही खरे.

पण अंतरे बघा. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर नावाचे यान दर सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावते. येथून पोलादपूरला जायला डोळ्याचे पाते लवायचा अवकाश. त्या वेगाने सूर्यानंतरच्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्याकडे जायचे, तर ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील. चंद्रावर हवा नाही. मंगळावर आहे ती अगदी विरळ, आणि तिच्यात श्वास घेता येत नाही. नांगर धरायला ओली जमीन कोठेही नाही. तेव्हा पुढचे कितीतरी दाणे आपल्याला याच कणगीतले खायचे आहेत. हेच घर शाकारायचे, हीच विहीर उपसायची, याच डोंगरावर झाडे लावायची.

अक्षरांची पुंजी

सुरुवातीला मी म्हणालो होतो, की आक्षीचा राजा गेला, दान गेले, पण चंद्रसूर्याशिवाय आणखी एक गोष्ट राहिली. ती कोणती? ती अक्षरे! हजार वर्षांपूर्वी एका कारागिराने छिन्नीने कोरलेली अक्षरे. त्याचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. पण त्याने लिहिले ते आजही वाचता येते.

माणसाचे खरे बळ येथे आहे. आपले ८० दाणे संपतात. पण आपण जे शिकलो ते लिहून ठेवले, तर पुढचा माणूस तेथून पुढे जातो. एकाने तारे मोजून लिहिले. दुसऱ्याने ते वाचून गणित केले. तिसऱ्याने दुर्बीण केली. चौथ्याने यान सोडले. असे करत करत माणूस धोंडा हलवण्यापर्यंत आला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात तीस मोठ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या ऐकतात. आजूबाजूला शेतकऱ्यांचे मळे आहेत. द्राक्षे आणि टोमॅटो पिकवणाऱ्या गावांच्या मधोमध बसून आपली माणसे कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपतात. हे सारे पाटीवर पहिले अक्षर गिरवण्यापासून सुरू झाले. तुम्हीही तेच अक्षर गिरवले आहे. तेव्हा "आता या वयात शिकून काय करू," असे म्हणू नका. तुम्ही त्या साखळीत हात घातला आहे.

तर मंडळी, एवढे ध्यानात ठेवा. सूर्याला अंत आहे, पण तो फार लांब आहे. आभाळाने ४०० पोती दिली आहेत. ती पुरवायची की उंदरांना घालायची, हे ग्रह ठरवत नाहीत. ते माणूस ठरवतो. तुम्ही ठरवता, मी ठरवतो. जो बघतो, लिहितो, वाचतो आणि वेळेवर शेजाऱ्याला हाक मारतो, तो आपली कणगी राखतो.

  

वाचून झाल्यावर एकमेकांशी बोला

१. जुन्या शिलालेखांवर चंद्रसूर्य का कोरीत?

२. एक वर्ष म्हणजे एक दाणा धरला, तर तुमच्या घरातल्या सर्व माणसांच्या वयाचे मिळून किती दाणे होतील? बेरीज करून लिहा.

३. १३ एप्रिल २०२९ ला काय होणार आहे? काय होणार नाही? घरी जाऊन एकाला तरी सांगा.

४. तुमच्या वाडीच्या वरच्या उतारावर पावसाळ्याआधी कोणकोणत्या खुणा बघाल? त्यांची यादी वहीत लिहा.